व्हिएन्नाच्या तळघरातील सोयरिकी

व्हिएन्नात उतरलेल्या प्रवाशाला वाटाडे पहिल्याच सकाळी शोनब्रुनच्या उद्यानाकडे नेतात आणि संध्याकाळी संगीताच्या मैफलीला बसवितात. परंतु ज्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता ऑस्ट्रियावर १२८२ पासून १९१८ पर्यंत चालली, त्याचा संसार समजून घेण्याच्या इच्छेने जो येथे येईल, त्याने आधी चित्रे पाहावीत, मग राजवाडा, मग देऊळ, आणि सर्वांत शेवटी कॅपुचिन साधूंच्या मठाखालील तळघर. मला हा क्रम योगायोगाने लाभला. चार दिवसांच्या मुक्कामात पहिले दोन दिवस पावसाने घेतले, म्हणून मी चित्रसंग्रहालयाच्या आश्रयाला गेलो, आणि तेथे ज्या एका मुलीची गाठ पडली तिचा पाठपुरावा करीत करीत चौथ्या दिवशी तिच्या शवपेटीपाशी येऊन पोचलो.

या घराण्याविषयी युरोपात एक जुनी लॅटिन उक्ती आहे. इतरांनी खुशाल लढाया कराव्यात, ऑस्ट्रियाने लग्ने करावीत, असा तिचा आशय. तिच्यात अतिशयोक्ती फारशी नाही. मॅक्सिमिलियनने १४७७ साली गेंट येथे बर्गंडीच्या मेरीचे पाणिग्रहण केले आणि नेदरलँड्सचे संपन्न प्रांत घरात आले. त्यांचा पुत्र फिलिप याला १४९६ साली स्पेनची राजकन्या हुआना मिळाली, आणि मधले वारस एकामागून एक निवर्तल्यामुळे स्पेन व त्याचा अमेरिकेतील मुलूख नातू चार्ल्स पाचवा याच्या पदरी पडला. पुढे १५१५ साली सेंट स्टीफनच्या देवळात हंगेरीच्या राजघराण्याशी जे दुहेरी लग्न लागले, त्यात ५६ वर्षांचा हा आजोबा मॅक्सिमिलियन आपल्या नातवाच्या वतीने स्वतः वर म्हणून उभा राहिला. समोरच्या नवरीचे बारावे वर्षही पुरते सरले नव्हते. अकरा वर्षांनी मोहाचच्या लढाईत तुर्कांकडून पराभव होऊन हंगेरीचा तरुण राजा मरण पावला, आणि त्या लग्नाच्या करारनाम्यामुळे बोहेमिया व हंगेरी हे दोन्ही मुकुट व्हिएन्नाकडे आले.

आपल्या किनाऱ्यालाही या सोयरिकींची झळ लागलेली आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये. याच चार्ल्सने १५२६ साली सेव्हिल येथे पोर्तुगालच्या इझाबेलाशी लग्न केले, आणि १५८० साली पोर्तुगालचे तख्त निपुत्रिक पडले तेव्हा त्यांच्या मुलाने, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने, आईकडून आलेला हक्क सांगून ते बळकावले. त्यामुळे १६४० पर्यंत साठ वर्षे गोव्याचा कारभार हॅब्सबर्ग राजाच्या नावाने चालला. गोवेकरांना त्या लग्नाची वार्ताही नसेल. मुंबई बेट १६६१ च्या तहनाम्याने पोर्तुगालच्या कॅथरिनचे आंदण म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले, ही कथा तर आपल्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. आंदणात गाव दिले जाते तेव्हा गावकऱ्यांना कोणी विचारीत नाही. मात्र ज्या मुलीच्या नावाने ते दिले जाते तिलाही कोणी विचारलेले नसते, हे व्हिएन्नात आल्यावर माझ्या जितके लक्षात आले तितके पूर्वी कधी आले नव्हते.

चित्रसंग्रहालयात मला भेटलेली मुलगी अशांपैकीच एक. स्पेनच्या चौथ्या फिलिपची कन्या मार्गारिटा हिची व्हेलास्केझने काढलेली तीन चित्रे तेथे आहेत. पहिल्यात ती दोन-तीन वर्षांची आहे. गुलाबी झगा, हातात मिटलेला पंखा, आणि शेजारच्या मेजावर काचेच्या लहानशा पात्रात फुले. दुसऱ्यात ती पाच वर्षांची असून तिचा झगा पांढरा आहे. तिसऱ्यात, १६५९ सालच्या चित्रात, निळ्या रेशमाचा इतका रुंद घेर तिच्या कमरेभोवती उभारला आहे की तिचे दोन्ही हात बाजूला सरळ सोडता येत नाहीत. डाव्या हातात फरची तपकिरी हातमोट आहे, आणि त्या सगळ्या वस्त्रसंभारातून आठ वर्षांच्या मुलीचा फिकट चेहरा आपल्याकडे पाहतो आहे. जवळ गेले की निळ्या झग्यावर केवळ कुंचल्याचे सुटे फटकारे दिसतात, दोन पावले मागे सरकले की त्यांचे रेशीम होते. मी बराच वेळ पुढे-मागे करीत राहिलो. ही चित्रे माद्रिदहून व्हिएन्नास का पाठविली, हे मला नंतर उमगले: वाग्दत्त वर आपली नवरी कशी वाढते आहे ते पाहू इच्छीत होता.

तो वर म्हणजे सम्राट लिओपोल्ड, तिचा सख्खा मामा. तिची आई मारियाना ही लिओपोल्डची बहीण. आणि त्या मारियानाचेही लग्न तिच्या सख्ख्या मामाशीच, म्हणजे चौथ्या फिलिपशी, झाले होते. आपल्याकडे कित्येक ज्ञातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, दक्षिणेत मामा-भाचीचा विवाहही लोकमान्य आहे. परंतु दोन पिढ्या, तीन पिढ्या त्याच दोन घरांत मुली द्यायच्या आणि त्याच दोन घरांतून आणायच्या, हे जे माद्रिद आणि व्हिएन्ना यांनी केले, त्यामागे प्रेमाची वा परंपरेची ओढ नव्हती. राज्याचा एकही तुकडा परक्याच्या हाती जाऊ नये, हा हिशेब होता. त्याची किंमत मुलांनी भरली. मार्गारिटाचा धाकटा भाऊ दुसरा चार्ल्स जन्मभर दुखणाईत राहिला, दोन लग्ने करूनही निपुत्रिक राहिला, आणि १७०० साली तो वारला तेव्हा त्याच्या वारशासाठी अर्धा युरोप तेरा वर्षे लढला. पुढे आलेला जबडा आणि लोंबता खालचा ओठ ही घराण्याची खूण लिओपोल्डच्या नाण्यांवरसुद्धा स्पष्ट दिसते. टांकसाळीच्या कारागिराने ती लपविण्याचा यत्न केलेला नाही.

मार्गारिटा पंधराव्या वर्षी व्हिएन्नास आली. १६६६ च्या डिसेंबरात लग्न झाले, महिनोन्‌महिने उत्सव चालले, घोड्यांचे नृत्य झाले, तिच्या वाढदिवसासाठी भव्य संगीतिका रचविली गेली. ती नवऱ्याला ‘मामा’ म्हणूनच हाक मारी, आणि तो तिला ‘ग्रेट्ल’ म्हणे. दोघांनाही संगीताचे वेड असल्यामुळे त्यांचा संसार त्या काळच्या मानाने प्रेमाचा झाला, असे चरित्रकार सांगतात. परंतु सहा वर्षांत तिला चार बाळंतपणे आणि त्याखेरीज गर्भपात सोसावे लागले, चार मुलांपैकी एकच मुलगी वाचली, आणि १६७३ च्या मार्चमध्ये, एकविसाव्या वर्षी, पोटात आणखी एक मूल असतानाच तिचा अंत झाला. तिच्याविषयी करुणा वाटत असताना दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे: आपल्या मुलांच्या मृत्यूचा दोष तिने शहरातील ज्यू लोकांवर ठेवला, आणि १६७० साली लिओपोल्डने त्यांना व्हिएन्नातून हद्दपार केले, त्यामागे तिचा आग्रह होता. जी वस्ती त्यांनी सोडली तिला आज लिओपोल्डश्टाट म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि मी शोनब्रुनला गेलो. या पिवळ्या प्रासादाची खरी मालकीण मारिया तेरेसा. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने १७१३ साली एक वारसापत्र तयार करून मुलीच्या हक्कास युरोपातल्या राजांची संमती मिळविण्यात उरलेले आयुष्य घालविले. या मुलीने लोरेनच्या फ्रान्सिसला बालपणीच मनाने वरले होते आणि तोच तिला मिळाला, ही त्या घराण्यात अपूर्व गोष्ट होती. तरी त्या प्रेमविवाहासाठीही फ्रान्सिसला आपला पिढीजात लोरेन प्रांत सोडून द्यावा लागला आणि त्याच्या बदली टस्कनी पत्करावी लागली. त्यांना सोळा मुले झाली, अकरा मुली आणि पाच मुलगे. फ्रान्सिसचे चित्त इतरत्रही गुंतत असे आणि ते तिला ठाऊक होते. तथापि १७६५ साली तो इन्सब्रुक येथे, मुलाच्या लग्नाच्या उत्सवात, अकस्मात वारला, तेव्हा तिने आपले रंगीत कपडे काढून ठेवले ते पुन्हा पंधरा वर्षांत, मरेपर्यंत, अंगावर घातले नाहीत. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक टिपण सापडले, त्यात तिने आपल्या सुखी संसाराचा काळ मोजून ठेवला होता: २९ वर्षे, ६ महिने, ६ दिवस, म्हणजे १०,७८१ दिवस, म्हणजे २,५८,७४४ तास. साम्राज्याच्या जमाखर्चावर सही करणारा हात रात्री एकांतात हा गुणाकार करीत बसला असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

याच बाईने आपल्या मुलींची लग्ने कशी लावली हे वाचले म्हणजे मन चरकते. १७५६ साली ऑस्ट्रियाने जुना वैरी फ्रान्स याच्याशी मैत्रीचा तह केला, आणि तो टिकावा म्हणून मुले-मुली बूर्बाँ घराण्याच्या निरनिराळ्या शाखांत देण्याचे ठरले: पार्मा, नेपल्स, स्पेन, फ्रान्स. नेपल्सच्या राजासाठी आधी योहाना ठरली. १७६२ साली ती तेराव्या वर्षाच्या आतच देवीने गेली. मग योसेफाचे नाव त्या जागी लिहिले गेले. वर अडाणी आणि हूड म्हणून ख्यात होता, आणि आईला ते कळत होते. योसेफा ही आपण राजकारणाला दिलेला बळी आहे, असे तिने स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. मुलगी निघण्याच्या बेतात असतानाच, १७६७ च्या ऑक्टोबरात, तिलाही देवी आल्या आणि सोळाव्या वर्षी ती वारली. मग तिच्या धाकट्या बहिणीला, कारोलिनाला, जिची योजना फ्रान्सकडे होती, नेपल्सकडे वळविण्यात आले. आणि फ्रान्सची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी सर्वांत धाकटी, जिच्या अभ्यासाकडे तोवर कोणी नीट लक्षही दिले नव्हते, ती मारिया अंटोनिया पुढे करण्यात आली. मारी आंत्वानेत या नावाने जग जिला ओळखते ती फ्रान्सच्या तख्तावर पोचली, याचे कारण शोधू गेले तर ते दोन बहिणींच्या अंगावर उठलेल्या फोडांत सापडते.

योसेफा कशी आजारी पडली याविषयी एक कथा येथे सर्वत्र सांगितली जाते: निघण्यापूर्वी आईने तिला पूर्वजांच्या तळघरात प्रार्थनेला नेले, तेथे काही महिन्यांपूर्वी देवीनेच वारलेल्या भावजयीची पेटी नीट बंद केलेली नव्हती, आणि तेथूनच मुलीला लागण झाली. कथा हृदयद्रावक आहे, पण देवीची लागण झाल्यापासून फोड उठेपर्यंत दहा-बारा दिवस तरी लोटतात, आणि योसेफाला ते त्या भेटीनंतर लगेच उठले. तेव्हा मातेवरचा तेवढा आरोप काढून टाकावा, असे मला वाटते. पुढल्याच वर्षी तिने इंगेनहाउस नावाच्या डच वैद्याला बोलावून घरातल्या उरलेल्या मुलांना देवी टोचून घेतल्या, आणि टोचलेल्या इतर गरीब मुलांना शोनब्रुनमध्ये जेवू घातले.

राजवाड्याच्या एका दालनात थोरला पुत्र जोसेफ आणि पार्माची इझाबेला यांच्या १७६० च्या लग्नाची प्रचंड चित्रे आहेत. वरात शहरात शिरते आहे. सहा-सहा घोड्यांच्या गाड्यांची रांग रस्त्यांतून वळसे घेत इतकी लांबली आहे की चित्रकाराला शहरच वाकवावे लागले आहे. एका चित्रात श्रोत्यांमध्ये लहानगा मोझार्ट दाखविला आहे, जो त्या दिवशी तेथे नव्हताच. चित्र पुरे होईपर्यंत तो प्रसिद्ध झाला, म्हणून त्याला मागाहून बसविले. मोझार्टचा तो चेहरा सर्वजण शोधतात, नवरीकडे कोणी पाहत नाही. जोसेफने तिच्यावर जीव टाकला. तिचे मन मात्र नणंदेत, मारिया ख्रिस्तिनामध्ये, गुंतले होते, आणि त्याच वाड्यात राहत असताना तिने नणंदेला लिहिलेली सुमारे दोनशे पत्रे आजही उपलब्ध आहेत. राजकन्येच्या जन्माला दुसऱ्याच्या लाभाखेरीज काय अर्थ आहे, असा प्रश्न ती मुलगी स्वतःलाच विचारी. तीन वर्षांत तीही देवीने गेली. जोसेफच्या दुसऱ्या पत्नीचे, ज्या भावजयीची पेटी वरच्या कथेत येते तिचे, आयुष्य तर याहून रिते. जोसेफ तिच्यापासून दूरच राहिला.

याच वाड्यात एक दालन आहे, जेथे भारतीय माणसाचे पाय आपोआप थबकतात. शिसवी लाकडाच्या भिंतींत सोनेरी, वळणदार चौकटी बसविल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीत काचेखाली मोगल चित्रे आहेत: बादशहा, दरबार, शिकारी, जनानखाने. मात्र पाने अखंड नाहीत. चौकटीच्या आकारात बसावीत म्हणून ती कात्रीने कापून, निरनिराळ्या चित्रांचे तुकडे एकत्र चिकटविले आहेत, आणि ही कातरणी राजघराण्यातील मंडळींनीच केली, असे सांगतात. आग्र्या-दिल्लीच्या चिताऱ्याने केसाएवढ्या रेघांनी काढलेले पान असे कापलेले पाहून मला प्रथम खेद झाला. पण थोड्या वेळाने वाटले, मेजाभोवती बसून कात्री आणि खळ घेऊन तुकडे जुळविणारे ते कुटुंब मला साऱ्या राजवाड्यात येथेच प्रथम कुटुंबासारखे भेटले.

शहरातील ऑगस्टीन पंथाच्या देवळात या घराण्याची लग्ने लागत. मारिया तेरेसाचे १७३६ साली येथेच लागले, आणि १९ एप्रिल १७७० रोजी मारिया अंटोनियाचेही. त्या वेळी वर व्हर्सायमध्ये होता आणि त्याचा मुखत्यार म्हणून नवरीचा सख्खा भाऊ फर्डिनांड तिच्याशेजारी उभा राहिला. आपल्याकडील राजघराण्यांत वराऐवजी त्याचा खांडा पाठवून लग्न लावीत, त्याच्याशी ही रीत ताडून पाहण्यासारखी आहे. दोन दिवसांनी चौदा वर्षांची नवरी निघाली. स्ट्रासबर्गजवळ ऱ्हाईनच्या एका बेटावर खास बांधलेल्या मंडपात तिला फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यात आले. माहेरची माणसे तेथूनच परतली. त्या मंडपाच्या भिंतींवर जेसन आणि मीडिया यांच्या भयंकर संसाराचे पडदे टांगले होते, ते पाहून तेव्हा स्ट्रासबर्गला शिकत असलेला तरुण गोएथे संतापला होता. आईची आणि मुलीची पुन्हा भेट झाली नाही.

त्याच देवळात डाव्या-उजव्या वेदींपेक्षा प्रथम डोळ्यांत भरतो तो कानोव्हाने घडविलेला पांढरा संगमरवरी पिरॅमिड. त्याच्या काळोख्या दाराकडे काही आकृती हळूहळू चालल्या आहेत, एक थकलेला म्हातारा पायरी चढतो आहे, दगडाचे वस्त्र पायऱ्यांवरून ओघळले आहे. हे मारिया ख्रिस्तिनेचे स्मारक. आईच्याच वाढदिवशी जन्मलेल्या या लाडक्या मुलीला तेवढी मनाजोगता नवरा करण्याची मुभा मिळाली, आणि सॅक्सनीच्या आल्बर्टसारख्या धाकट्या, अल्पउत्पन्नी राजपुत्राशी तिचे लग्न १७६६ साली लागले. बत्तीस वर्षांनी ती गेली तेव्हा त्याने हे स्मारक उभारविले आणि त्यावर, सर्वोत्तम पत्नीस आल्बर्टकडून, एवढाच मजकूर कोरविला. तिच्या बहिणींपैकी अमालियाचेही एका राजपुत्रावर मन बसले होते; तिला पार्माला धाडण्यात आले, आणि तिने आईला त्याची क्षमा कधी केली नाही. एका मुलीला दिले ते दुसरीला नाकारले, याचे समर्थन राजनीतीच्या कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. माझ्या मते मारिया तेरेसाच्या थोर आयुष्यावरचा हा डाग आहे.

चौथ्या दिवशी मी नॉयर मार्क्टवरील कॅपुचिन मठात गेलो. बाहेरून साधा, गेरूसारख्या रंगाचा. सम्राट माथियासची पत्नी आना हिने १६१७ च्या मृत्युपत्राने केलेली ही व्यवस्था १६३३ साली पुरी झाली, आणि तेव्हापासून घराण्यातील सुमारे दीडशे जण येथे ठेवले आहेत. त्यांतील अनेकांची हृदये ऑगस्टीन देवळात आणि आतडी सेंट स्टीफनमध्ये वेगळ्या पात्रांत आहेत. मृत्यूनंतरही देहाची वाटणी झाली. लिओपोल्डच्या काळातील दालनात मला मार्गारिटा भेटली. निळा झगा आता नाही.

पुढच्या घुमटाखाली मारिया तेरेसा आणि फ्रान्सिस यांची जोडशवपेटी आहे. मोल नावाच्या शिल्पकाराने ती त्या दोघांच्या हयातीतच, १७५४ साली, पुरी केली. झाकणावर पती-पत्नी अंथरुणातून नुकतेच जागे व्हावे तसे अर्धवट उठून एकमेकांकडे पाहत आहेत. तिच्या पायथ्याशी जोसेफची तांब्याची अगदी साधी पेटी, आणि सभोवती योहाना, योसेफा, इझाबेला. मारी आंत्वानेत येथे नाही. तिचे अवशेष पॅरिसजवळ साँ-दनीला आहेत. पुढच्या एका दालनात फ्रान्झ जोसेफ, त्याची मावसबहीण व पत्नी एलिझाबेथ आणि मायरलिंग येथे मरण पावलेला त्यांचा पुत्र रुडोल्फ आहेत. एलिझाबेथच्या पेटीवर लोक अजून फुले आणि हंगेरियन रंगांच्या फिती ठेवतात. रुडोल्फनंतर वारस ठरलेला फ्रान्झ फर्डिनांडही येथे नाही. त्याने सोफी खोटेक या, त्यांच्या नियमाने कमी कुळातल्या, सरदारकन्येशी लग्न करण्याचा हट्ट धरला आणि त्यासाठी २८ जून १९०० रोजी शपथ घेऊन आपल्या मुलांचे सारे हक्क सोडले. सोफीला या तळघरात जागा मिळणार नव्हती, म्हणून त्याने आर्टश्टेटनला दोघांसाठी थडगे बांधविले. सारायेव्होत त्यांना गोळ्या लागल्या तोही २८ जूनच होता, १९१४ चा.

मारिया तेरेसाच्या दालनात भिंतीच्या कोनाड्यात एक लहानशी पेटी आहे. तिच्यासमोर फारसे कोणी थांबत नाही, वाचकाने मात्र थांबावे. ती काउंटेस कारोलिना फुक्स हिची, म्हणजे मारिया तेरेसाला लहानाची मोठी करणाऱ्या बाईची. १७५४ साली ती वारली, आणि सम्राज्ञीने साऱ्या शिष्टाचाराविरुद्ध तिला येथे आणून ठेवविले. त्या दीडशे जणांत राजघराण्याबाहेरची ती एकटीच आहे.